वाटाण्याच्या वाफ्यात

सूप माझ्याकडे होतं. लीक आणि बटाटे,
चॅपलमधून उसनं आणलेलं मोठं पातेलं.
लोकर कातरायच्या शेडमध्ये यंदा गाण्यांचा मंच,
मंच म्हणजे चार फळ्या
आणि त्यावर हेव्हिनच्या आईची जुनी सतरंजी.
मेंढ्या वरच्या कुरणात हलवल्या होत्या,
पण वास कुठे हलतो?

दुपारी तीनला ज्यांना गायला लावतात
त्यांची नावं पत्रकाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत.
एकेक जण येतो, आपली गिटार आपणच वाहतो,
आपणच सुरात लावतो, लावतच राहतो,
मग सांगतो, हे गाणं तुटलेल्या नात्यावर आहे.
ओशिअन नावाच्या पोराची
वीस मिनिटांत तीन नाती तुटली.
मी त्याला पाव जास्तीचा दिला.

मग हेलेद आली.
पोस्टामागच्या घरातली, कार्डिफला नोकरीला गेलेली,
नोकरी सोडून आता गाते म्हणतात.
डिकीत सीडींचं खोकं,
कव्हरं स्वतःच छापलेली, बटाट्याचे ठसे मारून.
ऐकायला अकरा माणसं,
त्यांतली चार नुसती कपडे वाळवायला आलेली,
शिवाय एक कुत्रा.
माइक खरखरला. तिनं तो उचलून बाजूला ठेवला
आणि आमच्याच भाषेत म्हणाली,
हे आमच्या शाळेची बस चालवणाऱ्यावर आहे.

माझी पळी पातेल्यातच थांबली.

गाण्यात डिसेंबर होता, चारलाच काळोख,
एकवीस मुलं, ओल्या कोटांचा वास,
आणि टेकडीच्या माथ्यावर, लोखंडी गेटापाशी,
तो बस उभी करायचा.
इंजिन बंद. आतले दिवे बंद.
म्हणायचा, बघा.
सगळी बाह्यांनी काचा पुसायची,
आणि बाहेर एवढे तारे, एवढे,
की कुणाला घरी जायचं सुचायचं नाही.
मग उतरताना एकेकाच्या हाती
तो उशिराचं कारण ठेवायचा, खाऊ ठेवावा तसं:
तुला टायर, तुला बर्फ,
तुला पुलावर अडकलेला दुधाचा टँकर.

एकेचाळीस वर्षं मी त्या माणसाचं जेवण गरम ठेवलं.
मला मेंढ्या आल्या वाट्याला.
दर खेपेला, मेंढ्या आडव्या आल्या होत्या.

इद्वल तेव्हा खालच्या शेतात,
पिवळं जाकीट घालून ट्रॅक्टरवर,
चिखलात रुतलेल्या पाहुण्यांच्या गाड्या ओढत होता.
अकरा माणसांच्या टाळ्या
पत्र्यावरच्या पावसात वेगळ्या ऐकू आल्या नाहीत.
हेलेद सूप घ्यायला आली.
तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही,
वाटी मात्र मी काठोकाठ भरली
आणि तिची बोटं भाजली.

संध्याकाळी तिची गाडीही त्यानंच ओढून काढली.
पैसे घेईना, म्हणून तिनं सीडी दिली.
आमच्याकडे ती वाजवायला काही नाही.
सकाळी बघते तर
वाटाण्याच्या वाफ्यावर, काठीला,
सुतळीनं टांगलेली ती गरगरतेय,
आणि जाडजूड रानकबुतरं
कुंपणावर बसून विचारात पडलीत.
बरी कामाला आली, इद्वल म्हणाला.
मी म्हटलं, हो.

यंदा वाटाणे भरपूर आले.
मी सोलत बसते, शेंग फुटते, एक, दोन, सात,
ती चकती भिंतीवर उजेड फेकत राहते,
आणि ओठांशी आलेलं मी परत गिळते.
त्याचं आहे ते. त्यानं आपणहून काढावं.

नाहीच काढलं,
तर डिसेंबरात एखाद्या निरभ्र दिवशी
चार वाजता म्हणेन, गाडी काढ,
टेकडीवरच्या गेटापर्यंत जाऊन येऊ.
कशाला, म्हणाला,
तर सांगेन, मेंढ्या बघायला.